गोल्फमधील ‘हँडिकॅप’ : एका सवलतीची जन्मकथा

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या पुसेगावी गोल्फ या खेळाची चर्चा व्हावी असा प्रसंग आमच्या घरी आजवर कधी आला नव्हता. परंतु गेल्या दिवाळीत पुण्यास नोकरीस असलेला आमचा भाचा चार दिवसांकरिता आला, आणि पाडव्याच्या सकाळी फराळास बसला असता त्याने सहज सांगितले की, कचेरीतील मंडळींची दर शनिवारी गोल्फची एक ‘लीग’ चालते आणि तीत त्याने नुकतेच आपल्या साहेबांस एका फटक्याने जिंकले. साहेब म्हणजे या खेळात मुरलेले गृहस्थ. भाच्यास खेळू लागून पुरती दोन वर्षेही झालेली नाहीत. आम्हांस कौतुक वाटले व आम्ही विचारले, “तुझे फटके किती झाले?”

“ब्याण्णव, मामा.”

“आणि साहेबांचे?”

“एकोणऐंशी.”

या खेळात ज्याचे फटके कमी तो सरस, एवढे ज्ञान आम्हांसही होते. मग तेरा फटके अधिक घेऊन हा जिंकला कसा? भाचा म्हणाला, “मला हँडिकॅप आहे ना!” हे शब्द कानी पडताच आमच्या थोरल्या वहिनी हातातील झारा तसाच घेऊन स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या आणि पोराच्या हातापायांकडे निरखून पाहू लागल्या. आमच्या भागात त्या शब्दाचा अर्थ एकच, आणि तो काही दिवाळीच्या दिवशी ऐकावा असा नव्हे.

गैरसमज दूर झाला, परंतु वाद मात्र उभा राहिला. भाच्याने कागदावर हिशेब मांडून दाखविला. त्या मैदानावर त्याचा हँडिकॅप १८, साहेबांचा ४. ब्याण्णवांतून १८ वजा जाता ७४ उरले. एकोणऐंशीतून ४ वजा जाता ७५ उरले. म्हणून तो एका फटक्याने विजयी. आमच्या थोरल्या बंधूंचा सारा जन्म मास्तरकीत गेलेला. त्यांनी तो कागद चष्म्याजवळ नेऊन पाहिला व निकाल दिला, “म्हणजे गुण वाढवून पास झालास!” पोरगा हिरमुसला. त्याने आमच्याकडे आशेने पाहिले. परंतु त्या क्षणी आमच्यापाशीही उत्तर नव्हते. ते शोधण्याच्या निमित्ताने जे वाचन झाले, त्याचे फलित वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, विषम बळाच्या दोघांनी एकत्र कसे खेळावे हा प्रश्न आपल्याकडील लोकांस अपरिचित नव्हता. गल्लीतील पोरे लहानग्या भावंडास खेळात घेताना त्यास ‘लिंबूटिंबू’ ठरवितात. तो बाद झाला तरी बाद नाही, आणि त्याने कोणास शिवले तरी त्याचा राग कोणी धरीत नाही. यात माया आहे, परंतु सामना नाही. कारण लिंबूटिंबू हरत नाही, तसा जिंकतही नाही. जत्रेतील कुस्त्यांच्या फडात याच्या नेमके उलट घडते. तेथे पंच जाणत्या नजरेने ‘जोड’ लावतात. वय, अंगलोट, तालीम, वस्ताद कोण, मागच्या जत्रेत काय झाले, हे सारे मनात धरून बरोबरीचे दोन गडी समोरासमोर उभे केले जातात, आणि जोड विजोड दिसली की प्रेक्षकच ओरडून ती मोडावयास लावतात. बुद्धिबळात बलवान खेळाडू आपले एखादे मोहरे आधीच पटावरून उतरवून दुबळ्यास बरोबरीस आणतो. गोल्फचा हँडिकॅप या तिसऱ्या जातीचा आहे. परंतु मोहरे कोणते उतरवावे हे पटावर बसलेले दोघे आपसांत ठरवितात, आणि आमच्या भाच्याचे १८ व साहेबांचे ४ हे आकडे त्या दोघांपैकी कोणीही ठरविलेले नव्हते. या फरकातच सारा इतिहास साठविलेला आहे.

‘हँडिकॅप’ या शब्दाची व्युत्पत्ती मोठी मनोरंजक आहे. तीन इंग्रजी शब्द एकमेकांत मिसळून तो झाला आहे, आणि त्यांचा अर्थ ‘टोपीत हात’. अपंग मनुष्य टोपी हाती धरून भीक मागतो, त्यावरून हा शब्द निघाला अशी एक समजूत सर्वत्र पसरली आहे. ती निराधार आहे. मूळचा हा अदलाबदलीचा खेळ. एकास दुसऱ्याची वस्तू हवी असे, परंतु दोहोंचे मोल सारखे नसे. मग एका तिऱ्हाइतास मध्यस्थ नेमीत, आणि हलक्या वस्तूच्या धन्याने वर किती रक्कम घालावी हे तो सांगे. तिघेही थोडे थोडे पैसे टोपीत टाकीत. मध्यस्थाचा निवाडा ऐकून दोघे वादी टोपीत हात घालून एकाच वेळी बाहेर काढीत. मुठीत पैसे निघाले तर सौदा मान्य, मूठ रिकामी निघाली तर अमान्य. दोघांचे मत एक पडले, मग ते होकाराचे असो की नकाराचे, तर टोपीतील पैसे मध्यस्थास मिळत. एकच राजी असेल तर ते त्या राजी असणाऱ्यास जात. वाचकांनी यातील खुबी ध्यानात घ्यावी. मध्यस्थ एका बाजूस झुकला की एकजण होय म्हणणार, दुसरा नाही म्हणणार आणि मध्यस्थाच्या हातास काही लागणार नाही; म्हणून निवाडा समतोल असण्यातच त्याचा स्वार्थ गुंतलेला असे. सॅम्युअल पेपीस या प्रसिद्ध रोजनिशीकाराने १६६० च्या सप्टेंबरात लंडनच्या एका मद्यगृहात हा खेळ प्रथम पाहिल्याची नोंद करून ठेवली आहे.

नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेस जो जनावरांचा बाजार भरतो, त्यासारख्या बाजारांतून उपरण्याखाली बोटे धरून बैलांचे सौदे होताना ज्यांनी पाहिले असतील, त्यांस ही लंडनची टोपी फारशी परकी वाटणार नाही. हात झाकलेले आणि निर्णय मुठीत, हा प्रकार दोहोंकडे आहे. मात्र आपल्या दलालास कोणत्याही भावाने सौदा पटला की दलाली मिळते. टोपीतील मध्यस्थाचे तसे नव्हते.

टोपीतून हा शब्द घोड्यांकडे गेला. अठराव्या शतकात इंग्लंडात शर्यतींस ऊत आला, आणि एकच उमदा घोडा सर्वांस मागे टाकू लागला म्हणजे पैज लावण्यात कोणास गोडी राहीना. तेव्हा मध्यस्थाने प्रत्येक घोड्याच्या पाठीवर त्याच्या कुवतीप्रमाणे अधिकउणे वजन चढवावे असा उपाय निघाला. १७९१ साली ॲस्कॉट येथे धावलेली ओटलंड्स नावाची शर्यत या प्रकारची एक गाजलेली आरंभीची शर्यत होय. मुंबईस महालक्ष्मीला आणि पुण्यास आजही वजन ठरविणारा अधिकारी याच तत्त्वाने आपले काम करतो. येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये ओझे बळकटावर पडते. पुढे विसाव्या शतकात हाच शब्द शरीरातील व्यंगास लावला गेला तेव्हा ‘ओझे’ एवढाच अर्थ शिल्लक राहिला, आणि ते कोणावर व कशासाठी लादले याचा विसर पडला. आमच्या वहिनींपर्यंत जो शब्द पोहोचला तो हा दुसरा.

गोल्फमध्ये सवलतीची चाल या शब्दाहून जुनी आहे. एडिंबरो येथे वैद्यक शिकणारा थॉमस किंकेड नावाचा एक तरुण १६८७ सालच्या आपल्या रोजनिशीत असा विचार करताना दिसतो की, दुबळ्या गड्यास काही खळगे आधीच बहाल करावे, की फटके अधिक द्यावे? त्यानंतर सुमारे दोन शतके ही बाब दोन खेळाडूंच्या आपसांतील घासाघिशीवरच चालली. तीन खळग्यांमागे एक फटका, एकाआड एक खळग्यास एक फटका, किंवा प्रत्येक खळग्यास एक, असे ठराविक भावच पडून गेले होते. माणसे एकमेकांच्या ओळखीची, मैदान एकच आणि खेळणारे थोडे. तोवर हे सुरळीत चालले. कुस्तीच्या पंचास साऱ्या तालमी ठाऊक असतात तोवर जोड चुकत नाही, तसेच हे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी स्कॉटलंडच्या किनाऱ्याकडे प्रवासी नेऊ लागली, इंग्लंडात गावोगावी क्लब निघाले, आणि अनोळखी माणसे एकमेकांसमोर उभी राहू लागली. घासाघीस करावी तर समोरच्याचे बळ कोणास माहीत? म्हणून क्लबाची समिती प्रत्येक सभासदाच्या नावापुढे एक आकडा लिहू लागली. वर्षातील उत्तम अशा दोनतीन डावांची सरासरी घ्यावी, तीतून त्या मैदानावरील निष्णात खेळाडूची संख्या वजा करावी, आणि उरेल तो हँडिकॅप समजावा. हिशेब सोपा, परंतु एका क्लबाचा दहा दुसऱ्या क्लबाच्या दहाशी जुळेना. कोठे मैदान सोपे, तर कोठे चिटणीस उदार. हा गोंधळ साऱ्या देशापुरता प्रथम कोणी निस्तरला असेल तर तो स्त्रियांनी. १८९३ साली इंग्लंडात स्त्रियांचा गोल्फसंघ स्थापन झाला आणि त्याच्या चिटणीस इसेट पिअर्सन या बाईंनी सर्व शाखांवर एकच माप लादण्याचा हट्ट काही वर्षांत तडीस नेला. त्याच देशातील पुरुषांस एवढी अक्कल येण्यास १९२० नंतरचे दशक उजाडावे लागले. पुरुष मंडळींनी हे श्रेय मोकळेपणाने दिल्याचे आमच्या वाचनात फारसे आढळले नाही.

अमेरिकेत लेटन कॅल्किन्स याने सुचविलेल्या उत्तम तीन डावांच्या सरासरीच्या पद्धतीचा आधार घेऊन तेथील राष्ट्रीय संघाने १९११ साली आपली पद्धत सुरू केली. येथून पुढे मध्यस्थाची नजर मागे पडत गेली व अंकगणित पुढे आले. मैदानामैदानांतील भेदही आकड्यांत धरावयाचा होता. निष्णातास जे मैदान थोडे अवघड, ते सामान्यास फार अवघड असू शकते, आणि ही वाढ प्रत्येक मैदानावर निराळी असते. डीन क्नूथ या अमेरिकन गृहस्थाच्या खटपटीने १९८० नंतरच्या दशकात ही वाढ मोजणारा ‘स्लोप’ नावाचा आकडा रूढ झाला. साधारण मैदानाचा स्लोप ११३ धरतात. अखेर २०२० साली जगातील सहा निरनिराळ्या पद्धती मोडून एकच जागतिक पद्धत अमलात आली. भारतातही आज तीच चालते.

आमच्या भाच्याच्या उदाहरणानेच ती सांगतो. समजा, त्या मैदानावर निष्णाताची अपेक्षित संख्या ७१ आहे आणि स्लोप १२०. भाच्याने एखाद्या दिवशी ९५ फटके घेतले. ९५ आणि ७१ यांतील अंतर २४. त्यास ११३ ने गुणून १२० ने भागले म्हणजे २२.६ येतात. ही त्या दिवसाची त्याची नोंद. अशा ताज्या वीस नोंदींतून उत्तम आठ निवडावयाच्या, उरलेल्या बारा सोडून द्यावयाच्या, आणि आठांची सरासरी काढावयाची. ती १८ आली असे धरू. आता या मैदानावर खेळताना १८ ला १२० ने गुणून ११३ ने भागावे, म्हणजे १९.१, आणि मैदानाचे ठरीव फटके ७२ असून निष्णाताची संख्या ७१ आहे म्हणून त्यातून एक वजा करावा, म्हणजे १८ उरतात. हाच मनुष्य ७३ संख्येच्या व १३६ स्लोपच्या अवघड मैदानावर गेला, आणि तेथेही ठरीव फटके ७२ असले, तर त्यास २३ फटके मिळतील. मिळालेले फटके ज्या त्या खळग्यांवर त्यांच्या अवघडपणाच्या क्रमाने वाटले जातात. साहेबांचे चार सर्वांत अवघड अशा चार खळग्यांवर पडतात, भाच्याचे अठरा प्रत्येक खळग्यावर एक.

थोरल्या बंधूंच्या आक्षेपाचे उत्तर ‘उत्तम आठ’ या दोन शब्दांत आहे. हँडिकॅप म्हणजे मनुष्याची सरासरी, असे खेळणाऱ्यांपैकीही पुष्कळजण समजतात. तो सरासरी नव्हे. तो मनुष्याच्या चांगल्या दिवसांचा हिशेब आहे, आणि म्हणून आपल्या आकड्याप्रमाणे खेळणे त्यास साधारणतः चारपाच डावांतून एकदाच साधते. भाच्याने ब्याण्णव फटके घेतले तो त्याचा बऱ्यापैकी दिवस होता. शंभरावर गेला असता तर अठरांच्या सवलतीने तो काही वाचला नसता. मास्तरांच्या भाषेत बोलावयाचे तर गुण सर्वांस वाढवून दिलेले नाहीत. प्रत्येकाची प्रश्नपत्रिका त्याच्याच मागील उत्तम पेपरांवरून काढलेली आहे.

तथापि बंधूंची शंका अगदीच वाया गेली असेही नाही. याच जागतिक पद्धतीत, पुष्कळजण एकत्र फटके मोजून खेळत असता हँडिकॅपाचे शेकडा ९५ च द्यावे अशी शिफारस आहे. कारण असे की, कच्च्या खेळाडूच्या डावांत चढउतार मोठे असतात, आणि अशा वीसजणांतून कोणातरी एकाचा दिवस विलक्षण चांगला निघतोच. भाच्याच्या लीगने पूर्ण सवलत ठेवली होती. शेकडा ९५ धरले असते तर त्याच्या वाट्यास १७ आले असते, साहेबांचे ४ च राहिले असते, आणि दोघांचीही बाकी ७५ होऊन सामना बरोबरीत सुटला असता. म्हणजे अंकगणिताने मध्यस्थास पुरते हाकलले असे समजणे चूक आहे. तो समितीच्या बैठकीत जाऊन बसला आहे एवढेच.

आता लबाडीविषयी. जो हिशेब मनुष्याच्या स्वतःच्या नोंदींवर उभा, त्यात खोट शिरणारच. काहीजण मुद्दाम वाईट डाव नोंदवून आपला आकडा फुगवितात आणि बक्षिसाच्या दिवशी वाघासारखे खेळतात. यावर उपाय योजलेले आहेत. एखाद्या खळग्यावर कितीही फटके मारले तरी ठरीव फटके, अधिक दोन, अधिक त्या खळग्यावरील सवलत, यापलीकडे नोंद होत नाही. मागील वर्षभरातील नीचांकाहून आकडा तीनांपेक्षा अधिक चढू लागला की पुढची वाढ अर्ध्यावर येते, आणि पाचांपलीकडे ती थांबतेच. अचानक फारच सुंदर डाव झाला तर आकडा ताबडतोब खाली ओढला जातो. शिवाय सोबत्याची सही असतेच. परंतु दुसरीही एक लबाडी आहे, व तिजवर कोणतेच कलम परिणामकारक होत नाही. काही प्रतिष्ठित गृहस्थ आपला हँडिकॅप लहान दिसावा म्हणून वाईट डाव नोंदवीतच नाहीत. क्लबात ‘नऊ’ म्हणून मिरवितात आणि दर शनिवारी हरतात. यांचे नुकसान यांचेच होत असल्याने त्यांस कोणी पकडीत नाही. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या लीगमध्ये पहिल्या जातीचा एक आणि दुसऱ्या जातीचे चार आहेत. आम्हांस हे प्रमाण मनुष्यस्वभावास धरून वाटले.

आपल्या देशात हा खेळ ब्रिटनबाहेर फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. पुण्यासही येरवड्याकडे क्लब निघाला. परंतु जी संस्था दुबळ्यास बळकटाच्या बरोबरीस आणून उभे करण्यासाठी इतका बारीक हिशेब करीत होती, तिच्या क्लबांच्या फाटकावर मात्र दीर्घकाळ गोरा आणि काळा एवढाच हिशेब चाले. मुंबईच्या गोऱ्यांच्या क्लबांतून हिंदी मनुष्यास, मग तो संस्थानिक का असेना, मज्जाव असे. म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस दोहोंस खुला असा त्यांच्या नावाचा क्लब निघाला. चेंबूरचे मैदान १९२७ चे. भारतीय गोल्फसंघ स्वातंत्र्यानंतर, १९५५ साली स्थापन झाला.

फाटकाच्या आत हिंदी मनुष्य मुळीच नव्हता असे मात्र नाही. तो पिशवी उचलीत होता. आसपासच्या वाड्यांतील पोरे कॅडी म्हणून साहेबांमागे चालत, चेंडू शोधीत, आणि कोणता दांडा केव्हा वापरावा हे पाहून पाहून शिकत. त्यांतील कित्येक मोडक्या दांड्यांनी असे खेळत की पिशवीच्या धन्याने पाहतच राहावे. दिल्लीचा अली शेर असाच कॅडी होता. १९९१ साली त्याने इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली, आणि ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. परंतु अली शेर एखादाच. हँडिकॅपचा आकडा मिळावयाचा तर क्लबाच्या वहीत नाव लागते, आणि कॅडीचे नाव ज्या वहीत लागते ती निराळी असते.

भाऊबीज आटोपून भाचा परत निघाला, तेव्हा त्यास गाडीत बसवून देण्यास आम्ही रस्त्यापर्यंत गेलो. गाडीस उशीर होता. आम्ही विचारले, “तुझ्यामागे जो मुलगा पिशवी घेऊन चालतो, त्याचा हँडिकॅप किती?”

“त्याला नाही मामा. तो सभासद कुठे आहे?”

“खेळतो का?”

“सोमवारी. मैदान बंद असतं ना, तेव्हा त्यांना खेळू देतात.”

“फटके किती घेतो?”

भाच्याने थोडा विचार केला. “शहात्तर, सत्त्याहत्तर,” तो म्हणाला, “माझ्याच जुन्या दांड्यांनी.”